संसारांतले सूत

२०१९ च्या मार्गशीर्षांत सातारा जिल्ह्यांतल्या एका गावी सप्ताहाचे कीर्तन होते. थंडी कडाक्याची. निरूपण ऐन भरांत आले असतां आमचे लक्ष पुढच्या ओळींत बसलेल्या एका बाईंकडे गेले. वय पन्नाशीचे, मान थोडी खाली, मांडीवर लोकरीचा गुंडा आणि दोन्ही हातांत सुया. सुया आपल्या चालल्याच होत्या. आम्ही थांबलो, तसा मृदंगही थांबला. गादीवरून म्हणालो, "माउली, पांडुरंगाला थंडी वाजते म्हणून स्वेटर चाललाय का?" मंडपांत हशा पिकला. बाईंनी सुया मुकाट्याने पिशवींत घातल्या. कीर्तनकाराला हशा मिळाला की आपले बरोबरच होते असे त्याला वाटते. हा आमच्या लोकांचा जुना रोग आहे.

कीर्तन संपल्यावर लोक पाया पडायला आले त्यांत त्या बाईही होत्या. नमस्कार करून म्हणाल्या, "महाराज, एक विचारू का? तुमच्या मागे बारा टाळकरी उभे होते. दोन तास त्यांचे हात चालले होते. त्यांना नाही थांबवलंत."

आम्ही म्हणालो, "टाळ कीर्तनाचा असतो, माउली. स्वेटर घरचा."

"ते खरं," त्या म्हणाल्या. "पण नक्षीचं विणकाम मी कीर्तनाला आणीत नाही. नक्षी आली की टाके मोजावे लागतात, मग कानांत काही शिरत नाही. इथं साधी वीण आणते. ती हात आपोआप करतात. आज तुम्ही काय सांगितलंत ते सांगून दाखवू का?" आणि त्यांनी सांगितले. दोन्ही दृष्टांत सांगितले, तेही आम्ही सांगितले त्या क्रमाने. पहिल्या दृष्टांतांत आमची एक चूक झाली होती, तीही सांगितली. जाता जाता एवढेच बोलल्या, "दिवसांत खाली बसायला मिळतं ते एवढंच, महाराज. म्हणून दोन्ही एकदम करते."

त्या रात्री उतरलो होतो तिथे आम्हाला लवकर झोप आली नाही. प्रश्न वरवर पाहतां लहान आहे. सूत कातणे, लोकर विणणे, मागावर कापड काढणे हे काम संसारांत बसवायचे कुठे? ते संसाराच्या वेळांतून चोरलेले असते, का संसाराचाच एक भाग असते? आणि हात तिकडे गुंतले असतां मनाने कुठे असावे? हा बायकांचा प्रश्न आहे म्हणून आम्ही इतकी वर्षे त्याला हात घातला नव्हता. आता घालतो.

आपल्या संप्रदायाला हाताच्या कामाचे वावडे कधीच नव्हते. सावता महाराज अरणच्या मळ्यांत, गोरोबाकाका तेरला चाकापाशी, नामदेवराय तर शिंप्याच्या घरचेच. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबांत नामदेवरायांची ६१ पदे आहेत हे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याच ग्रंथांत कबीरांच्या सलोकांमध्ये नामदेव आणि त्रिलोचन या दोन भक्तांचा एक लहानसा संवाद आहे, तो फारसा सांगितला जात नाही. त्रिलोचन नामदेवांना टोकतात की तू कापड छापत काय बसला आहेस, रामाकडे लक्ष दे. नामदेवांच्या उत्तराचा मतलब असा की तोंड, हात आणि चित्त यांची कामे निरनिराळी आहेत, एकाने दुसऱ्याची वाट अडवण्याचे कारण नाही. नामदेवरायांचेच दुसरे एक पद तिथे आहे. त्यांत पतंग उडवणारा मुलगा आहे, सोनार आहे, पाणी भरून येणाऱ्या मुली आहेत, आणि मुलाला पाळण्यांत ठेवून घरांत-बाहेर काम करणारी आई आहे. सगळ्यांचे हात एकीकडे, ध्यान दुसरीकडे. हे पद आम्ही तीस-पस्तीस वर्षे कीर्तनांत सांगत आलो. ती आई काम कोणते करीत होती हे आम्ही कधी विचारले नाही, आणि श्रोत्यांनीही नाही.

इथे थांबता आले असते तर लेख सोपा होता. हाताने काम, मनांत नाम, झाले. पण याच्या शेजारीच गोरोबाकाकांची कथा उभी आहे. काका चिखल तुडवीत होते, भजनांत देहभान हरपले, आणि रांगत आलेले स्वतःचे मूल पायाखाली गेले. ही कथा सांगताना आम्ही कीर्तनकार मंडळी घाईने पुढे जातो, देवाने मूल परत दिले तिथे पोहोचेपर्यंत दम घेत नाही. श्रोत्यांतल्या बाया मात्र चिखलापाशीच थांबलेल्या असतात, हे आम्ही गादीवरून कितीदा पाहिले आहे. कबीरांच्या घरचेही असेच. गुरु ग्रंथसाहिबांतल्या त्यांच्या एका पदांत कबीरांची आई रडते आहे, कारण मुलाने विणायचे सोडून हरिनाम धरले, आता ही लेकरे जगायची कशी? कबीर तिला उत्तर देतात, आणि ते भक्ताचे उत्तर आहे. पण आईचे रडणेही त्यांनी पदांत ठेवले, पुसून टाकले नाही. आम्ही असतो तर कदाचित पुसले असते.

तेव्हा हाताला काम आणि चित्ताला देव असे म्हणून सुटका होत नाही. तिसरे कोणीतरी त्या खोलींत असते. ते रांगत असते, किंवा आजारी असते, किंवा नुसते बोलायला आलेले असते.

आता थोडे विषयांतर. पण ते सांगितल्यावाचून पुढचे नीट कळायचे नाही.

लहानपणी आम्ही पाठशाळेंत होतो. तिथे अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह पाठ करावा लागे. कारणे तीन प्रकारची. कापडाचे समवायी कारण तंतू, तंतूंचा संयोग हे असमवायी, आणि तुरी, वेमा ही निमित्त कारणे. हे आम्ही झोपेंत म्हणत असू. तुरी कशी दिसते, वेमा म्हणजे काय, हे आमच्यांतल्या कोणालाच ठाऊक नव्हते. एकदा धीर करून गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "विणकराची हत्यारं. पुढे चला." आम्ही पुढे गेलो. बृहदारण्यकांत गार्गी याज्ञवल्क्यांना विचारते की हे सगळे कशांत ओतप्रोत आहे. ओत आणि प्रोत हे दोन्ही विणकामाचे शब्द, उभ्या-आडव्या धाग्यांचे. आम्ही त्यावर पुढे दोन-दोन तास बोललो, सगळे ब्रह्मावर. प्रश्न मागाजवळ बसलेल्या माणसाला सुचावा असा आहे, हे मनांतही आले नाही.

१९८० नंतर दोन-तीन वर्षांनी सोलापुरांत पूर्व भागांत एका पद्मशाली कुटुंबाकडे उतरायचा योग आला. ही मंडळी मूळची तेलंगणाकडची, पिढ्यान्‌पिढ्या विणकर. सोलापुरांत आता जिकडेतिकडे यंत्रमागांचा खडखडाट आहे, तेव्हाही होताच. पण या घरी एक हातमाग राहिला होता. बाहेरच्या खोलींत जमिनींत खड्डा, त्यांत पाय सोडून म्हातारा बसलेला. पायाने खालच्या दांड्या दाबायच्या म्हणजे ताण्याचे धागे वरखाली होऊन मध्ये वाट पडते. त्या वाटेने धोटा पलीकडे जातो, मागे आडवा धागा सोडतो, मग फणी ओढून तो धागा ठोकायचा. तुरी-वेमा पाठ केल्याला दहा-बारा वर्षे झाली होती. ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले आणि पाठशाळेची आठवण होऊन हसू आले.

दुसऱ्या दिवशी हसू ओसरले. म्हातारा मागावर बसे म्हणून सगळे त्याला विणकर म्हणत. पण धोट्यांत घालायच्या कांड्या सून भरत होती, पोर कडेवर घेऊन. ताण्याला खळ लावायला म्हातारी, तुटलेले धागे जोडायला नात. माग थांबला तर तो बहुधा कांडी संपली म्हणून थांबे, आणि कांडी संपली तर बोलणे सुनेला. न्यायशास्त्रांत 'अन्यथासिद्ध' म्हणून एक प्रकार आहे. घट होतांना ज्याचे अस्तित्व असते पण जे कारणांत धरायचे नाही, ते अन्यथासिद्ध. उदाहरण काय? माती वाहून आणणारे गाढव. पंडितांनी कुंभाराच्या गाढवाला कारणांतून वगळले ते शास्त्राला धरून असेल. पण कांड्या भरणाऱ्या बाईलाही आपण त्याच खणांत टाकले. २०१९-२० च्या हातमाग गणनेप्रमाणे देशांत सुमारे ३५ लाख माणसे या कामांत आहेत, आणि त्यांतल्या सुमारे ७२ टक्के स्त्रिया आहेत. आपल्या डोळ्यापुढे विणकर म्हटला की अजून पुरुषच येतो.

त्या घरांत 'हे काम संसारांत कसे बसवायचे' हा प्रश्नच नव्हता. संसारच कामाभोवती बसवलेला होता. माग आधी, मग चूल, मग माणसे. त्यांत गोडवा होता आणि जाचही होता. ज्यांनी फक्त गोडवा पाहिला ते रात्री तिथे राहिलेले नसतात.

धनगरांकडे निराळे. मेंढ्या कातरून लोकर काढायची, बायकांनी ती कातायची, आणि ते सूत सनगर-खुटेकरांच्या मागावर जायचे. चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेले ते काळे घोंगडे आपल्यापैकी कितीतरी जणांनी वारींत खांद्यावर टाकले असेल. त्यांत कातणारीचा दिवस गेलेला असतो. सगळा एके ठिकाणी बसून नव्हे, तुकड्यातुकड्यांनी. सुताचे काम तुकडे सोसते. मध्येच उठले तरी बिघडत नाही. ताणा लावायचे काम मात्र तुकडे सोसत नाही, आणि नक्षीही सोसत नाही. सातारच्या त्या बाईंना हे कळत होते आणि आम्हाला शास्त्र येऊनही कळत नव्हते.

तुकड्यांवरून महात्माजींच्या चरख्याची आठवण झाली. १९२४ साली काँग्रेसच्या समितीने ठराव केला की निवडून आलेल्या प्रतिनिधींनी रोज अर्धा तास कातावे आणि महिन्याला २००० वार सूत द्यावे. त्याच वर्षाच्या शेवटी बेळगावला महात्माजी अध्यक्ष असतांना महिन्याच्या २००० वारांची अट साध्या सभासदालाही लागली. ज्याला कातायची इच्छा नसेल त्याने दुसऱ्याने कातलेले तेवढे सूत द्यावे अशी सूट होती. पुढच्या वर्षी अट सैल करावी लागली. आम्ही हे टीका म्हणून सांगत नाही. अर्धा तास म्हणजे किती थोडा, असे ठराव करणाऱ्यांना वाटले असेल, पण तो अर्धा तास घराघरांत कोणाच्या वाट्याचा होता ते ठरावांत लिहिता येत नाही. विनोबांनी हा विषय फार वेगळ्या तऱ्हेने धरला. नालवाडीला ते रोज तासनतास कातून त्याच मजुरींत निर्वाह होतो का हे स्वतःच्या देहावर पाहत होते. आणि गांधीजी गेल्यावर त्यांनी सूतांजली सुचवली, १२ फेब्रुवारीला स्वतः कातलेली ६४० तारांची एक गुंडी द्यायची. वर्षांतून एक. एवढे ज्याला त्याला आपल्या घरांत बसवता येते.

आम्ही एकदा पाटीवर हिशेब मांडला. कापडाचा पन्हा ४५ इंच, आणि इंचाला ४० धागे उभे, ४० आडवे, असे साधेच कापड धरा. एक वार कापडाला उभे १८०० वार आणि आडवे १८०० वार, म्हणजे ३६०० वार सूत लागते. तूट वेगळी. महिन्याला २००० वार कातणाराला एका वाराच्या कापडाला पावणेदोन महिन्यांवर लागतील. नऊवारी लुगड्याला सोळा महिने, आणि हे नुसते सूत, विणणे पुढे. हिशेब पाहून आम्ही पाटी बाजूला ठेवली. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरांत जे कापड असे त्यांत किती बायकांचे किती अर्धे तास गेले असतील! गिरणी आली तेव्हा विणकरांची चूल विझली हे खरे, आणि पुष्कळ बायकांच्या मनगटांना विसावा मिळाला हेही खरे. दोन्ही खरे असू शकते.

आता कोणी म्हणेल, बुवा, ते दिवस गेले. आता कापड दुकानांत मिळते, स्वेटर हातगाडीवर मिळतो. आता विणतात त्या हौसेने. होय, आणि म्हणूनच प्रश्न अधिक अवघड झाला. पोटासाठी विणणारीला घरचे लोक थांबवू शकत नाहीत. हौसेने विणणारीला कोणीही थांबवते. आम्ही भर कीर्तनांत थांबवली.

२०२० साली टाळेबंदी लागली. त्या आषाढीला माउलींच्या आणि तुकोबारायांच्या पादुका एस. टी. ने पंढरपुरास गेल्या, पायी वारी झाली नाही. कीर्तने बंद. महिन्यांतले पंधरा-वीस दिवस बाहेर असणारे आम्ही लग्नानंतर प्रथमच सलग काही महिने घरी राहिलो. आमच्या सौ. पूर्वीपासून विणतात. स्वेटर, कानटोप्या, देवघरांतले क्रोशाचे रुमाल, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या. हे सगळे आम्ही घरी येऊ तेव्हा तयार दिसत असे, त्यामुळे ते आपोआप होते असा आमचा समज होता. एका दुपारी सहज मोजले. बाईसाहेब सुया घेऊन बसल्या. एक ओळ पुरी होईपर्यंत चार वेळा उठल्या. एकदा दूध, एकदा दार, एकदा नातवाचे रडणे, आणि एकदा आम्ही हाक मारली म्हणून. आम्ही कशाला हाक मारली होती? चष्मा कुठे आहे ते विचारायला. तो आमच्या कपाळावर होता.

आम्ही त्यांना म्हणालो, "इतकी वर्षं असंच विणलंत?"

त्या म्हणाल्या, "अहो, मग कसं विणायचं?"

यांत तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून ते अधिक लागले. आमचे पाठांतर, आमचे टिपण, आमचा रियाज यांना या घरांत कधी 'बसवावे' लागले नाही. बुवा टिपण काढताहेत म्हटले की पोरे अंगणांत जात, भांडी हळू वाजत. देवाचे काम म्हणून घराने ते सोसले. आम्हीही ते देवाचे म्हणूनच घेतले, हिशेब ठेवला नाही. घर ज्याला वेळ देते त्याला तो दिलेला दिसत नाही. नेहमीच्या वाटेवरच्या पुलासारखे आहे ते.

सूनबाईंची गोष्ट निराळी आहे. त्या शाळेंत शिकवतात. टाळेबंदींत त्याही सासूबाईंकडून विणायला शिकल्या आणि त्यांना त्याचा भारी नाद लागला. लोकर म्हणून जी बाजारांत मिळते तिच्यांतल्या पुष्कळशा लोकरीने मेंढी पाहिलेली नसते, ती ॲक्रिलिकची असते, पण रंग सुरेख. सूनबाईंच्या कपाटाचा एक खण भरला, मग दुसरा. सुरू केलेले तीन स्वेटर, पुरा एकही नाही. आम्ही जेवतांना अपरिग्रहावर चार शब्द बोललो. सूनबाई गप्प राहिल्या. सौ. ताक वाढता वाढता म्हणाल्या, "तुमच्या फडताळांत न उघडलेल्या पोथ्या किती आहेत हो?" आम्ही ताक प्यालो.

पण पुढे जे झाले ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. नातू तेव्हा चार वर्षांचा. तीनांतला एक स्वेटर त्याच्याचसाठी चालला होता, पुढच्या भागावर हत्तीची नक्षी. सूनबाई शाळेचे काम आटोपून रात्री मोजून मोजून टाके घालीत. एका संध्याकाळी पोराने सुई ओढली, धागा धरून पळाला, आणि आठवड्याचे काम ओळीओळीने उसवले. सूनबाईंनी त्याच्या पाठींत धपाटा घातला. आवाज आम्हाला देवघरांत ऐकू आला. पोर रडले ते रडले, सूनबाई त्याहून अधिक रडल्या. नंतर आमच्यासमोर येऊन म्हणाल्या, "मामंजी, त्याच्यासाठीच करीत होते ना मी?"

आमच्या डोळ्यापुढे तेरचा चिखल आला. बोलणार होतो, तोंड उघडलेही होते. तैत्तिरीय उपनिषदांत गुरु शिष्याला निरोप देतांना संततीला 'तंतु' म्हणतो आणि तो तुटू देऊ नकोस असे बजावतो, हे वचनही जिभेवर आले होते. मूल हाच धागा, असे छान निरूपण झाले असते. पण त्याच क्षणी दुसरे काही आठवले आणि जीभ आवरली. आमचा मुलगा, याच पोराचा बाप, पाच वर्षांचा असतां त्याने आमच्या टिपणाच्या वहीवर शाईने गाडी काढली होती. दुसऱ्या दिवशी काल्याचे कीर्तन होते. आम्ही त्याला केवळ धपाटा घातला नव्हता. वेताची छडी होती. त्या वहींत काय लिहिले होते? बालक्रीडेचे प्रकरण. कृष्णाने मडकी फोडली तरी यशोदेचा राग कसा विरतो, ते. त्या दिवशी आम्हाला कोणी काही बोलले नाही. बुवांचे टिपण खराब केले, मार पडणारच, असे सगळ्यांना वाटले, मुलालाही वाटले. सूनबाईंना रडू तरी आले.

तेव्हा सूनबाईंना आम्ही एवढेच सांगितले की नक्षीचे काम पोर निजल्यावर करा, तो जागा असतां साधी वीण घ्या. हे ज्ञान आमचे नव्हे, सातारच्या त्या माउलीचे. आणि मुलाला, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, वेगळे बोलावून सांगितले की आठवड्यांतून दोन संध्याकाळी पोराला घेऊन बाहेर पडत जा. तो म्हणाला, "बाबा, माझ्या कामाचं काय?" अगदी आमचाच आवाज होता तो.

हौसेचे काम करावे का सोडावे, असे कोणी सरळ विचारले तर आमच्याने 'सोडा' म्हणवत नाही. एकदा सुया हातांत आल्या की त्या बाईचा जीव थोडा शांत होतो हे आम्ही घरांत दोन पिढ्यांत पाहतो आहोत. पण वस्तू ज्याच्यासाठी करतो त्याच्याहून ती मोठी कधी झाली, हे करणाराला कळत नाही. ते शेजारी बसलेल्याला कळते, आणि शेजारी बसलेला बहुधा सांगायला नालायक असतो, कारण त्याचेही कुठेतरी तेच चाललेले असते. मग सांगावे कोणी? हा प्रश्न आम्हाला अजून सुटलेला नाही. घरांत एकमेकांचे थोडे थोडे काम हातीं धरल्याशिवाय तो सुटेलसे वाटत नाही.

यावरून शेवटची एक गोष्ट. बाजारची लोकर गुंडाळलेली येते. पण अस्सल लोकर पुष्कळदा लडींत येते, आणि लडीचा गुंडा केल्याशिवाय विणता येत नाही. त्याला दोन माणसे लागतात. एकाने दोन्ही हात पुढे करून लड ताणून धरायची, दुसऱ्याने धागा काढीत गुंडाळायचा. लग्नानंतर पहिल्या वर्षी सौ.नी एकदा आम्हाला लड धरायला सांगितले होते. आम्ही म्हणालो, "उद्या कीर्तन आहे, टिपण व्हायचंय." त्यांनी परत कधी सांगितले नाही. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या आणि त्यांवर लड अडकवायची, अशी रीत या घरांत पडली. पस्तीस-चाळीस वर्षे खुर्च्यांनी लड धरली.

गेल्या हिवाळ्यांत मुलगा कुलूला गेला होता, तिथून त्याने मेंढीच्या लोकरीच्या चार लडी आणल्या. मातकट रंग, हाताला जरा खरखरीत, मेंढीचा थोडा वास. दुपारी सौ. खुर्च्या ओढू लागल्या. आम्ही पोथी मिटली आणि हात पुढे केले. त्यांनी एकदा आमच्याकडे पाहिले, एकदा खुर्चीकडे. मग लड आमच्या हातांत अडकवली.

वीस मिनिटे लागली एका लडीला. दोन्ही हात गुंतलेले, पान उलटता येत नाही, चष्मा सावरता येत नाही, जपमाळ घेता येत नाही. धागा डाव्या हातावरून निघाला की हात किंचित डावीकडे झुकवायचा, उजव्यावरून निघाला की उजवीकडे. तेवढेच काम. आमच्या मनांत नाम होते का? पहिली पाच मिनिटे होते असे म्हणता येईल. मग एका ठिकाणी गुंता आला आणि त्यांच्याबरोबर आम्हीही त्या गुंत्याकडेच पाहत बसलो. तो सुटला. खांदे भरून आले होते, हात आपोआप खाली येऊ लागले.

"वर धरा," सौ. म्हणाल्या, "अजून तीन लडी आहेत."